नदी खरोखर सावरते आहे का? काठावरून जीवनोंद ठेवण्याची पद्धत

शहरातून वाहणाऱ्या नदीवर पुन्हा पक्षी दिसू लागले की नदी सुधारली, अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही. ही बातमी खरी असावी, अशी काठावर राहणाऱ्या प्रत्येकाची इच्छा असते. माझीही आहे, आणि म्हणूनच ती तपासून घेण्याची रीत ठाऊक असणे मला महत्त्वाचे वाटते. नदी खालून वर सावरते. आधी पाण्यात प्राणवायू टिकू लागतो, मग तळाच्या दगडांखालचे किडे बदलतात, त्यानंतर मासे वस्तीला येतात आणि माशांच्या मागोमाग त्यांच्यावर जगणारे पक्षी व प्राणी परततात. काठावरच्या माणसाला मात्र हा क्रम उलटा दिसतो, कारण त्याच्या नजरेत सर्वांत आधी पक्षी भरतात आणि दगडाखाली पाहण्याची वेळ बहुधा येतच नाही. पुढे सांगितलेली पद्धत महाविद्यालयीन विद्यार्थी, पक्षिनिरीक्षक आणि नदीकाठच्या रहिवाशांचे गट यांना थोड्या खर्चात वापरता येईल अशी आहे. उदाहरणे मुख्यतः लंडनच्या थेम्सची आणि पुण्याच्या मुठेची घेतली आहेत. पहिली नदी बरीचशी सावरली आहे, तर दुसरीने अजून सावरायचे आहे.

थेम्सकडून काय शिकावे

१८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने ब्रिटिश पार्लमेंटला कामकाज चालवणे अवघड केले. त्यानंतर अभियंता जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली लंडनमध्ये सांडपाण्याच्या मोठ्या भुयारी वाहिन्या बांधल्या गेल्या. या वाहिन्यांनी शहर वाचवले, पण नदी वाचवली नाही, कारण सारा मैला पूर्वेकडे बेक्टन आणि क्रॉसनेस येथे नेऊन ओहोटीच्या वेळी नदीतच सोडला जात होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहराखालच्या लांब पट्ट्यात उन्हाळ्यात प्राणवायू उरत नसे आणि पाण्यातून सडक्या अंड्यांसारखा वास येई. १९५७ मध्ये नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या शास्त्रज्ञांनी नदीचा हा भाग जैविकदृष्ट्या मृत असल्याचे सांगितले. पुढच्या दोन दशकांत बेक्टन आणि क्रॉसनेस येथील शुद्धीकरण केंद्रे वाढवली व सुधारली गेली, प्राणवायू परतू लागला आणि त्याच्यामागून मासे आले.

हे मासे मोजण्यासाठी वापरलेली युक्ती आपल्या कामाची आहे. काठावरची वीजकेंद्रे यंत्रे थंड ठेवण्यासाठी नदीचे पाणी ओढून घेत असत, आणि त्या पाण्याच्या तोंडाशी बसवलेल्या जाळ्यांवर जे मासे अडकत त्यांची १९६० च्या दशकापासून शास्त्रज्ञांनी पद्धतशीर नोंद ठेवली. १९७४ मध्ये वेस्ट थरॉक येथील वीजकेंद्रात याच मार्गाने एक सामन (सॅल्मन) हा स्वच्छ पाणी लागणारा मासा सापडला आणि त्याची मोठी बातमी झाली. नोंदीसाठी नवी यंत्रणा उभारण्याऐवजी जिथे मासे आपोआप हाती येतात तिथे शिस्तीने लक्ष ठेवणे, हा त्यातला बोध आहे. आपल्याकडे ही जागा म्हणजे भोई बांधवांची जाळी आणि मासळीचा बाजार होय. त्याकडे पुढे येऊच.

थेम्सची दुसरी शिकवण अधिक सावध करणारी आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या नदीपात्रात हिवाळी बदके मोठ्या संख्येने उतरू लागली. ती खात होती ट्युबिफेक्स नावाचे बारीक लाल कृमी, जे सेंद्रिय घाणीने भरलेल्या आणि प्राणवायू अत्यल्प असलेल्या गाळात अफाट वाढतात. बदके आली याचा अर्थ पूर्ण मेलेल्या गाळात काहीतरी जगू लागले होते, एवढाच होता. नदी निरोगी झाली होती, असा तो नव्हता.

मुठेवर हाच प्रश्न आज उभा आहे. पुण्याच्या खाली कवडीपाट येथे हिवाळ्यात पक्षी पाहण्यासाठी माणसे आवर्जून जातात आणि तिथे शेकाट्या, हळदी-कुंकू बदके, चक्रवाक असे पक्षी दिसतातही, पण त्याच वेळी पाण्यावर फेस तरंगत असतो आणि बंधाऱ्याला प्लास्टिक अडकलेले असते. शेकाट्यांना गाळातल्या अळ्या हव्या असतात, आणि मैलापाण्याने त्यांची कमतरता कधीच पडत नाही. ठाण्याच्या खाडीत वाढलेल्या रोहित पक्ष्यांचा संबंधही अनेक अभ्यासकांनी सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे फोफावणाऱ्या शेवाळाशी जोडला आहे. पक्ष्यांचा आनंद जरूर घ्यावा, पण त्यांना दाखला म्हणून पुढे करण्याआधी पाण्यात उतरून पाहावे.

जागा आणि वेळ

नोंदीसाठी चार ते सहा ठिकाणे पुरेशी होतात, मात्र ती एकदा ठरली की बदलू नयेत. एक ठिकाण शहराच्या वर, जिथे पाणी तुलनेने स्वच्छ आहे तिथे, असलेच पाहिजे, कारण खालच्या ठिकाणांची तुलना त्याच्याशी करायची असते. मुठेसाठी खडकवासला धरणाच्या खालचा भाग, विठ्ठलवाडी, म्हात्रे पूल ते भिडे पूल हा पट्टा, मुळेशी होणारा संगम, बंडगार्डनच्या खालचा वाहता भाग आणि कवडीपाट अशी साखळी योग्य ठरेल. बंधाऱ्यामागचे साचलेले पाणी आणि खडकावरून खळाळणारे पाणी यांतले जीव मुळातच वेगळे असतात, त्यामुळे शक्यतो सर्व ठिकाणे वाहत्या पाण्याची निवडावीत, आणि साचलेले ठिकाण घ्यावेच लागले तर त्याची तुलना दुसऱ्या साचलेल्या ठिकाणाशीच करावी. मोठ्या नाल्याच्या किंवा शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाच्या वर एक आणि खाली एक अशी जोडी ठेवली तर नदीत काय मिसळते आणि त्याचा परिणाम किती दूर जातो हे थेट दिसते.

दख्खनच्या नद्यांना वर्षातून निदान तीन वेळा भेटावे: पाऊस ओसरून पाणी निवळल्यावर, ऐन हिवाळ्यात, आणि एप्रिल-मे महिन्यांत. यांपैकी उन्हाळ्याची नोंद सर्वांत मोलाची आहे. त्या काळात धरणाचे पाणी कालव्यांतून जाते आणि शहरातल्या पात्रात वाहते ते बहुतांशी सांडपाणीच असते, त्यामुळे नदीची खरी अवस्था तेव्हा उघडी पडते. याउलट धरणातून विसर्ग सुरू असताना किंवा तो थांबल्यावर लगेच घेतलेले नमुने नदीला आहे त्यापेक्षा बरी दाखवतात, म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर त्या आठवड्यातील विसर्गाची माहिती लिहिणे बंधनकारक मानावे. पावसाळ्यात पात्रात उतरू नये.

सुरक्षिततेची बाबही इथेच सांगितली पाहिजे. गमबूट आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय, पायावर जखम असताना किंवा एकट्याने पाण्यात जाऊ नये, कारण अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात. नाल्याच्या बंदिस्त तोंडात किंवा चेंबरमध्ये डोकावण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. तिथे साचणारा वायू क्षणात माणसाला बेशुद्ध करतो आणि असे मृत्यू आपल्या शहरांत वारंवार झालेले आहेत.

प्राणवायू: पहाटेचे मोजमाप

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याचे थेंबांचे संच प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळतात आणि थोड्या सरावाने ते विश्वासार्ह उत्तर देतात. बाटली पाण्याखाली तिरपी धरून, एकही बुडबुडा न राहू देता भरावी आणि पाण्याचे तापमान त्याच वेळी लिहावे. २५ अंश सेल्सिअसला स्वच्छ पाणी लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते आणि ३० अंशांना सुमारे ७.५, म्हणजे उन्हाळा नदीला मुळातच कमी श्वास देतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत वन्यजीव आणि मत्स्यपालनासाठी योग्य पाण्यात लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू अपेक्षित आहे, आणि स्नानायोग्य पाण्यासाठी ५.

मोजमाप सूर्योदयापूर्वी करणे हा या साऱ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे, असे मी म्हणेन. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे प्राणवायू भरपूर वाढतो आणि आकडा पाहून समाधान वाटते. रात्री मात्र तेच शेवाळ प्राणवायू वापरते, आणि माशाचा जीव जातो तो पहाटेच्या किमान पातळीमुळे. एकाच दिवशी पहाटे आणि दुपारी असे दोन आकडे घेता आले तर त्यांतले अंतर नदीतल्या पोषकद्रव्यांच्या अतिरेकाविषयी बरेच काही सांगून जाते. जोडीला अमोनियाचा संच ठेवावा, कारण ताज्या मैलापाण्याची खूण तिथे लवकर उमटते.

सरासरी चांगली असूनही एका वाईट रात्रीत सगळे संपू शकते, हेही थेम्सनेच दाखवले आहे. ऑगस्ट २००४ मधील जोरदार पावसात लंडनच्या जुन्या वाहिन्या ओसंडल्या, लक्षावधी टन मैलामिश्रित पाणी नदीत गेले आणि हजारो मासे मेले. अशा प्रसंगी नदीत प्राणवायू सोडणाऱ्या खास बोटी तिथे आधीपासून होत्या, तरीही हे घडले. पुढे पावसातले हे ओसंडणे अडवण्यासाठी २५ किलोमीटर लांबीचा टाइडवे बोगदा बांधला गेला आणि २०२५ च्या आरंभी तो पूर्णपणे जोडला गेला. म्हणून पहिल्या वळवाच्या पावसानंतर, पाणी धोक्याचे नसेल तेव्हा, काठावरून एक फेरी मारून मेलेले मासे दिसतात का हे अवश्य पाहावे. महिनोन्महिने नाल्यांत आणि गटारांत साचलेली घाण त्या एका सरीत नदीत येते.

दगडाखालची वस्ती

प्राणवायूचा आकडा त्या क्षणाचा असतो. किडे मात्र आठवडे आणि महिने त्याच पाण्यात काढतात, त्यामुळे मधल्या काळात काय घडून गेले ते त्यांच्यावरून कळते. बारीक जाळीची दांडीवाली पिशवी प्रवाहात तळाला टेकवून धरावी, प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला, पिशवीच्या पुढे, पायाने तळ ढवळावा आणि सुटून येणारे जीव जाळीत गोळा होऊ द्यावेत. हे तीन मिनिटे करावे आणि मग आणखी एक मिनिट हाताने दगड उलटून त्यांना चिकटलेले जीव वेचावेत. ब्रिटनमधील नदीप्रेमी गट याच रीतीने काम करतात, आणि काळ्या पाषाणाच्या आपल्या नद्यांना ती उत्तम लागू पडते. जाळीतला ऐवज पांढऱ्या पसरट ताटात पाणी घालून ओतला की पाच मिनिटांत हालचाल दिसू लागते.

ओळख जातीपर्यंत नेण्याची गरज नाही, गट ओळखता आले तरी पुष्कळ झाले. पोटाच्या दोन्ही बाजूंना नाजूक कल्ले आणि मागे बहुधा तीन शेपट्या असलेली मेफ्लायची पिल्ले, वाळूचे कण किंवा पानाचे तुकडे जोडून घर बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या आणि स्वच्छ, थंड पाण्यात राहणारी दोन शेपट्यांची स्टोनफ्लायची पिल्ले हे तीन गट भरपूर प्राणवायू मागतात. चतुर आणि टाचण्यांची पिल्ले मध्यम प्रदूषण सोसतात. लाल रंगाच्या कायरोनोमिड (डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माश्यांच्या) अळ्या प्राणवायू कमी असतानाही जगतात, कारण त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असते आणि लाल रंग त्याचाच असतो. ट्युबिफेक्सचे झुबके गाळातून शेपट्या हलवताना दिसतात. लांब नळीतून पृष्ठभागावरची हवा घेणारी, उंदराच्या शेपटीसारखे शेपूट असलेली अळी ताटात आली तर त्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही असे समजावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अशाच गटांच्या आधारे पाण्याची जैविक प्रतवारी ठरवणारे निकष केलेले आहेत आणि गटांना गुण देण्यासाठी त्यांचा उपयोग करावा.

एका अपवादाकडे लक्ष ठेवावे. प्राणवायू चांगला आहे, प्रवाह आहे, दगड आहेत आणि तरीही ताट रिकामे आहे, असे आढळले तर मैल्याऐवजी रसायनाचा संशय घ्यावा आणि वरच्या बाजूला कोणते कारखाने, धुलाई केंद्रे किंवा फवारणीची शेते आहेत याचा शोध घ्यावा. मोजून झाल्यावर सर्व जीव त्याच ठिकाणी परत सोडावेत.

मासे: कोण आले आणि कोणी आणून सोडले

स्वतः जाळे टाकण्याच्या फंदात पडू नये. त्यासाठी परवानगी लागते आणि अनुभवही लागतो. नदीवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या भोई कुटुंबांतील ज्येष्ठांकडे जावे, आपण कशासाठी विचारतो आहोत ते आधी स्पष्ट सांगावे आणि त्यांच्या वेळेला मान द्यावा. कोणता मासा कधीपासून दिसेनासा झाला, कोणता नव्याने आला, पावसाच्या सुरुवातीला कोणते मासे अंडी घालण्यासाठी वर चढत आणि आता कुठे अडतात, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही. त्यांच्या संमतीने जाळ्यातील माशांची छायाचित्रे घेऊन प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून ओळख पक्की करून घ्यावी. नोंदीत त्यांच्या सहभागाचा उल्लेख करण्याविषयीही त्यांनाच विचारावे.

तुलनेसाठी जुनी यादी हाती असणे फार उपयोगी पडते. पुणेकरांचे भाग्य असे की फ्रेझर यांनी १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली होती आणि २००३ मध्ये वाघ व घाटे यांनी मुळा-मुठेच्या माशांचा पुन्हा आढावा घेतला. इतर शहरांतील गटांनी जिल्हा गॅझेटियर आणि जुन्या महाविद्यालयांचे संग्रह धुंडाळावेत.

मासे दिसले म्हणून थांबू नये, कोणते मासे ते पाहावे. तिलापिया, डासांच्या बंदोबस्तासाठी सोडलेले गप्पी आणि आफ्रिकी मांगूर हे बाहेरून आलेले मासे वाईट पाण्यातही तग धरतात, आणि पाणकावळे व बगळे त्यांच्यावर मजेत जगतात. मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकतो, त्यामुळे त्याचे असणेही निर्वाळा देत नाही. खडकाळ, वाहत्या पाण्यातले छोटे स्थानिक मासे आणि त्यांची पिल्ले शहराच्या पट्ट्यात दिसू लागली तर ती मोठी घटना समजावी.

मासे आणून सोडण्याच्या कार्यक्रमांना मी कळकळीने विरोध करतो. थेम्समध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक वर्षे सामनची पिल्ले सोडली गेली. पुढे नदीत सापडलेल्या सामनच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा, सोडलेल्या माशांची वंशवेल तिथे रुजली नसून दक्षिण इंग्लंडच्या इतर नद्यांमधले मासे आपण होऊन आले होते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले. पाणी आणि वाट मोकळी असेल तर मासा स्वतः येतो, आणि ती नसेल तर सोडलेला मासा टिकत नाही. शिवाय सोडलेल्या माशांमुळे आपली नोंद कायमची गढूळ होते, ते वेगळेच.

पक्षी, पाणमांजर आणि काठ

पक्ष्यांची गणना ठरलेल्या अंतरात, ठरलेल्या वेळात, दिसलेल्या प्रत्येक जातीची करावी आणि ती ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर संपूर्ण यादी म्हणून चढवावी. फक्त दुर्मीळ पक्षी लिहिले तर ती यादी कोणाच्याही उपयोगाची राहत नाही. माझी आग्रहाची सूचना अशी की प्रत्येक पक्ष्यापुढे तो काय खात होता हे लिहावे. चिखलात चोच खुपसणारे, पाणवनस्पती खाणारे, उघड्या पाण्यात सूर मारून मासे पकडणारे आणि कचऱ्यावर घिरट्या घालणारे असे चार रकाने केले की संख्या एकदम बोलू लागते. हवेत एका जागी फडफडत राहून पाण्यात झेपावणारा कवड्या खंड्या आणि नदी सुरय यांना खालचा मासा दिसावा लागतो, त्यामुळे शहरातल्या पट्ट्यात त्यांची नियमित उपस्थिती शेकाट्यांच्या मोठ्या थव्यापेक्षा अधिक अर्थपूर्ण आहे. येऊन जाणाऱ्या पक्ष्यापेक्षा पिल्ले वाढवणाऱ्या जोडीला अधिक वजन द्यावे. दुष्काळी वर्षी आसपासचे तलाव आटल्यामुळेही पक्षी शहरातल्या बारमाही सांडपाण्यावर गोळा होतात, म्हणून परिसरातील तलावांची स्थितीही लिहून ठेवावी.

पाणमांजर हे या साखळीचे वरचे टोक आहे. सिंगापूरने आपली नदी आणि कलांग खोरे १९७७ ते १९८७ या काळात साफ केले, पण पाणमांजरे बेटावर परतल्याची चाहूल १९९० च्या दशकाच्या अखेरीस लागली आणि शहराच्या मध्यभागी त्यांची कुटुंबे त्यानंतर कितीतरी वर्षांनी दिसू लागली. साफसफाई आणि वरच्या प्राण्यांचे परतणे यांत एवढे अंतर पडू शकते. काठावरच्या खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा आणि चिखलात पडदेदार पंजाचे ठसे दिसले तर मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि वन विभागाला कळवावे. घरट्यांची किंवा बिळांची नेमकी जागा मात्र समाजमाध्यमांवर कधीही टाकू नये, आणि आयनॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर ती झाकून ठेवण्याची सोय वापरावी.

पाणी सुधारले तरी काठ मेलेला असेल तर जीव परतत नाहीत. थेम्सच्या दगडी भिंतींनी नदी अरुंद केली आणि पिल्लांना लागणारा उथळ काठ नाहीसा केला. माशांची पिल्ले मध्यप्रवाहाला तोंड देऊ शकत नाहीत, ती काठाकाठाने सरकतात. म्हणून ग्रिनिच द्वीपकल्पावर भिंत मागे घेऊन पायऱ्यापायऱ्यांचे दलदलीचे काठ पुन्हा तयार केले गेले आणि मासे ते वापरू लागले. आपल्या प्रत्येक ठिकाणी दोन्ही काठांची शंभर मीटर लांबीची नोंद घ्यावी: किती भाग काँक्रीटचा किंवा भरावाचा, किती मातीचा, किती खडकाळ, वाळुंज आणि करंजासारखी झाडे किती, जलपर्णीने पात्र किती झाकले आहे, नदी सुरयला अंडी घालण्यासाठी उघडी बेटे उरली आहेत का. ही नोंद वर्षातून एकदा, त्याच जागी उभे राहून, त्याच दिशेने काढलेल्या छायाचित्रांसह पुरते.

नोंदवही आणि निष्कर्ष

प्रत्येक भेटीची मूळ पाने जपून ठेवावीत आणि जे आढळले नाही तेही लिहावे. मेफ्लाय नाही, मासा नाही, खंड्या नाही, ही शून्येच पुढे बदलाची साक्ष देतात. नोंद घेणारी माणसे बदलणार हे गृहीत धरून निदान एका भेटीत जुन्या आणि नव्या व्यक्तीने शेजारी उभे राहून स्वतंत्र मोजणी करावी, म्हणजे दोघांच्या आकड्यांतला फरक कळतो.

तीन-चार वर्षांच्या आत सुधारणेचा दावा करू नये, कारण एका चांगल्या पावसाचा परिणाम तेवढा काळ फसवू शकतो. उन्हाळ्यातील पहाटेचा प्राणवायू वाढता आहे, तळाच्या किड्यांत नाजूक गट परतले आहेत आणि स्थानिक माशांची पिल्ले दिसत आहेत, या तीन गोष्टी एकाच ठिकाणी सलग जुळल्या तरच त्या ठिकाणापुरते सुधारणा झाली असे लिहावे, आणि नदीच्या उरलेल्या भागाविषयी त्यातून काही ठरवू नये. झालेली सुधारणा मागेही जाऊ शकते. झूलॉजिकल सोसायटी ऑफ लंडनने २०२१ मध्ये थेम्सचा आढावा घेतला तेव्हा ११५ जातींचे मासे आणि ९२ जातींचे पक्षी नोंदले असले, तरी भरतीच्या पट्ट्यात आढळणाऱ्या मत्स्यजातींची संख्या १९९० च्या दशकानंतर किंचित घटत असल्याचे आणि पाणी तापत असल्याचेही सांगितले. म्हणून चांगली वर्षे आली तरी मोजणी बंद करू नये.

वार्षिक अहवाल चार-पाच पानांचाच असावा, त्यात प्रत्येक ठिकाणाचे आकडे मागच्या वर्षाच्या आकड्यांशेजारी मांडावेत आणि त्याची प्रत महापालिकेचा पर्यावरण विभाग, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय आणि स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समिती यांना लेखी पोच घेऊन द्यावी. एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मूळ पानांसह ठेवावी, आणि ज्या भोई बांधवांनी माहिती दिली त्यांच्या वस्तीत जाऊन अहवाल त्यांना वाचून दाखवावा. त्यांनी काढलेल्या चुका पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कराव्यात.